पाहुण्यांच्या बाथरूममधला समुद्र

माझी चित्रं पोस्टकार्डाएवढी असायची. त्याहून मोठा कागद मी कधी घेतला नव्हता. सुरुवात केली तेव्हा आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मुलगी शाळेत, मी माझ्या ऑफिसात, नवरा मिनिस्ट्रीत, आणि घरात टेबल एकच, जेवणाचं. मोठा कागद असता तर पानं मांडायच्या वेळी तो उचलून कुठे ठेवायचा, हा प्रश्न आला असता. पोस्टकार्ड लोणच्याच्या बरणीमागे सरकवता यायचं. तिथे ते निवांत सुकायचं.

विषयही एकच, समुद्रकिनारा आणि त्यावरची माणसं. माझे वडील पोस्टात होते आणि माझं लहानपण दापोलीजवळच्या एका बंदरात गेलं. होड्या धक्क्याला लागत नसत, आत पाण्यातच थांबत. मग बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात जायच्या आणि मासळी घेऊन यायच्या. वाळूवर ढीग पडले की लिलाव सुरू. ओरडणाऱ्या बायका, वजनाला वैतागलेले बैल, टोपल्या, कावळे, पुण्याहून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावून उभे. मी रंगवते तो हा किनारा. माणसांवाचूनचा समुद्र मला जमत नाही. तो कॅलेंडरवर असतो, तिथेच बरा.

दिल्लीत बसून समुद्र रंगवणं हा एक उद्योगच आहे. मे महिन्यात आकाशाच्या पातळ निळ्या रंगाचा हात वरून खाली आणेपर्यंत वरचा भाग सुकून जातो आणि मध्येच एक कडक रेघ उमटते. नोव्हेंबरात बाहेर धूर, खिडक्या बंद, भर दुपारी दिवा लावून बसायचं. अशा उजेडात निळा रंग करडा दिसतो. तरी मी बसायचे. माझी माणसं तांदळाच्या दाण्याएवढी. डोकं म्हणजे एक ठिपका, खाली अंगाचा एक फटकारा, पायाशी सावली. सावली पायाला नीट चिकटली नाही तर माणूस हवेत तरंगतो. चेहरा नसतोच, पण उभं राहण्यावरून माणूस ओळखता येतो. मान कशी झुकते, कमरेवर हात कसा असतो, एवढं पुरतं.

नवरा याला माझी भातुकली म्हणायचा. रागाने नव्हे, कौतुकानेच. "हिची भातुकली चालू आहे," असं आलेल्यागेलेल्याला सांगायचा आणि मग चहाचं काय झालं ते विचारायचा.

आईबद्दल आता सांगायला हवं. आमच्याकडे पाहुणे आले की सगळी वरात किनाऱ्यावर जायची. सगळे पाण्यात उतरायचे आणि आई कोरड्या वाळूवर चपला सांभाळत बसायची. कुणीतरी बसायला हवंच ना, असं ती म्हणायची, आणि ते कुणीतरी म्हणजे कायम तीच. सगळा जन्म समुद्राकाठी काढून ती घोट्याच्या वर कधी भिजली नाही. वडील गेल्यावर मी तिला दिल्लीला आणलं. दुपारी ती माझ्याशेजारी बसून पालक निवडायची आणि मी रंगवत असायचे. एकदा तिने चष्मा लावून चित्र डोळ्यांजवळ धरलं.

"यात मी कुठाय गं?"

मी ब्रशच्या दांडीने दाखवलं. कोपऱ्यात, चपलांच्या ठिपक्यांशेजारी एक बसका ठिपका.

तिने चष्मा काढला. "अजून बसलेलीच का मी?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा पालक निवडायला लागली.

ती गेल्यावर तिचं दिवसकार्य झालं, पाहुणे परत गेले, आणि मी एक चित्र काढलं. माझ्या सगळ्या चित्रांत, प्रत्यक्ष कधी न पाहिलेलं काढलं असं तेवढंच एक. आई गुडघाभर पाण्यात उभी आहे, नऊवारी वर खोचलेली, पाठ आपल्याकडे, तोंड समुद्राकडे. दोन्ही हात मोकळे, बाजूला सुटलेले. किनाऱ्यावर चपला विखुरल्या आहेत आणि त्यांच्यापाशी कोणी नाही. त्या चित्राला मला बरेच दिवस लागले, कारण मोकळे हात सोडून उभी असलेली आई मला माहीतच नव्हती. ते चित्र मी कुणाला दाखवलं नाही. बाकीच्या चित्रांबरोबर शर्टाच्या एका जुन्या खोक्यात घातलं आणि खोका कपाटात शालींच्या खाली ठेवला.

मग आम्ही दोघंही निवृत्त झालो, नोएडात फ्लॅट घेतला, मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली. मी खूश होते. नवऱ्याला मात्र घरी बसवेना. गाडी गेली, शिपाई गेला, फोन वाजायचा बंद झाला. एका समितीवर नेमणूक होण्याची शक्यता होती आणि ती त्याच्या एका जुन्या साहेबांच्या शब्दावर होती. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्याने आपणहून कपाटं आवरायला घेतली. मला कौतुक वाटलं. मी मुलीला फोनवर सांगितलंसुद्धा, तुझे बाबा सुधारले. दिवाळीनंतर धुराने माझा खोकला बळावला आणि थंडी ओसरेपर्यंत रंगांना हात लावायचा नाही असं मी ठरवलं, त्यामुळे खोका उघडायची वेळ आली नाही.

जानेवारीत साहेबांनी आम्हाला जेवायला बोलावलं. गुडगावात बंगला, हिरवळीवर ऊन, खुर्च्या, आणखी दोन-तीन जोडपी. नवरा साहेबांच्या प्रत्येक वाक्यावर हसत होता. मी साहेबांच्या बायकोशी सरसों का सागबद्दल बोलत होते. जेवणाआधी हात धुवायला म्हणून तिने मला पाहुण्यांचं बाथरूम दाखवलं.

दार लावून मी वळले. कमोडच्या वर, फ्लशच्या टाकीपासून वीतभर अंतरावर, सोनेरी नक्षीच्या फ्रेममध्ये माझी आई उभी होती.

पहिल्यांदा मला वाटलं, असंच दुसरं कुणाचं चित्र असेल. असं कसं वाटलं कोण जाणे, स्वतःचा हात माणूस ओळखत नाही का. जवळ गेले. काचेच्या आत वाफ धरली होती. कागद फुगून लाटा आल्यासारखा झाला होता आणि पाण्याचा निळा रंग ओघळून आईच्या पायांवर आला होता. फ्रेमवाल्याने चौकटीत बसावं म्हणून डावीकडची पट्टी कापली होती. चपला गेल्या होत्या. माझी सहीही गेली होती. टाकीवर प्लास्टिकची फुलं आणि वास मारणारा एक डबा. या खोलीत येणारा प्रत्येक पुरुष माझ्या आईकडे तोंड करून उभा राहत होता.

मी फ्रेम खिळ्यावरून काढली. हात धुतले नाहीत. फ्रेम हातात घेऊन तशीच हिरवळीवर आले.

"अरे, ये आप क्यों उतार लाईं?" साहेबांची बायको हसत म्हणाली. तिला खरंच गंमत वाटली असावी.

"ये मेरी है."

"हाँ हाँ, पता है. भाईसाहब ने दिवाली पे दी थी ना, ड्रायफ्रूट के साथ. बोले मिसेज़ का टाइमपास है. बड़ी क्यूट है. हमने तो सामने ही लगाई, गेस्ट सब वहीं जाते हैं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, साहेबांकडे बघत होता.

"ये मेरी माँ है," मी म्हणाले.

 साहेबांनी सुपाचा चमचा खाली ठेवला. मग नवरा हसला आणि हिंदीत म्हणाला, "ये ज़रा इमोशनल हो जाती हैं." आणि मला हलक्या आवाजात मराठीत, "ठेव ते परत. नंतर बोलू."

मी फ्रेम पर्समध्ये घातली. मावत नव्हती, अर्धी बाहेर राहिली. "मैं गाड़ी में बैठती हूँ," असं साहेबांच्या बायकोला सांगून मी फाटकाबाहेर गेले. नवरा जेवून आला. पूर्ण जेवून, गोड खाऊन. तोवर मी गाडीबाहेर उन्हात उभी होते, किल्ली त्याच्याकडे होती.

आम्ही नोएडाच्या रस्त्याला लागलो. मग तोच म्हणाला, "शोभा केलीस माझी. एवढंसं चित्र. दुसरं काढ ना, एका दुपारचं तर काम आहे तुझं."

"दुसरी आई काढू?"

"ओरडू नकोस, मी गाडी चालवतोय. मला काय माहीत त्यात आई आहे ते? मुंगीएवढी माणसं असतात तुझी. आणि मी काही वाईट केलेलं नाही, लोकांना चित्रं दिली, कौतुक झालं तुझं. कपाटात पडून काय होणार होतं?"

"विचारलंस का मला?"

तो एकदम माझ्याकडे वळला. लग्न झाल्यापासून मी त्याला अहो म्हणत आले होते, तुम्ही म्हणत आले होते. ते 'विचारलंस' माझ्या तोंडून कसं गेलं ते मलाही कळलं नाही, पण गेलं आणि परत घ्यावंसं वाटलं नाही.

"तू चोर आहेस," मी म्हणाले. "माझ्या कपाटातून माझी वस्तू चोरलीस आणि लोकांच्या संडासात लावलीस."

चोर म्हटल्याचं त्याला तेवढं लागलं नाही, जेवढं तू म्हटल्याचं लागलं. "जरा नीट बोल," एवढं तो दोनदा म्हणाला. तेव्हापासून मी त्याला तूच म्हणते.

घरी येऊन शर्टाचा खोका काढला. आत दोनच चित्रं होती, दोन्ही अर्धवट राहिलेली. म्हणजे त्याने एकेक बघून, निवडून घेतली होती. चांगलं कोणतं ते त्याला कळत होतं. याचा राग मला चोरीहून जास्त आला. इतकी वर्षं भातुकली म्हणणाऱ्या माणसाला माझं उत्तम काम नेमकं ओळखता येत होतं, आणि ते त्याला उपयोगी पडेपर्यंत त्याने एका शब्दाने कबूल केलं नव्हतं.

मुलीला फोन केला. "आई, यार, बाबांनी गिफ्टच केलंय ना, फेकलं तर नाही ना," ती म्हणाली. मी फोन ठेवला. तिचा नंतर पुन्हा आला, मी उचलला नाही.

चित्रं कुणाकुणाला दिली ते त्याने सांगावं म्हणून मला दोन दिवस स्वयंपाक बंद ठेवावा लागला. सांगितलं, पण परत मागायला तो तयार नव्हता. इज्जत जाईल म्हणाला. मग मीच फोन केले. कारणं दिली नाहीत, माफी मागितली नाही. "वो तस्वीरें बिना पूछे दी गई थीं, मुझे वापस चाहिए," एवढंच. काहींनी ड्रायव्हरबरोबर पाठवून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. एकाने असं काही मिळालंच नाही म्हणून सांगितलं. वसुंधरा कॉलनीतल्या एका घरी मी स्वतः गेले. त्या बाईंनी फ्रेम आणून दाखवली, आत त्यांच्या नातवाचा फोटो. "पेंटिंग तो पता नहीं कहाँ गई." मी म्हणाले, मागची बाजू उघडा. त्यांना ते आवडलं नाही, पण उघडली. माझं चित्र तिथेच होतं, उलटं, फोटो हलू नये म्हणून मागे घातलेलं. त्यांनी ते मला दिलं आणि म्हणाल्या, "इतना सा तो है." हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी मी त्याला उत्तर देणं सोडून दिलं.

एका घरातून कळलं की त्यांनी चित्र पुढे दिलं. त्यांच्या वरच्या खोलीत एक मराठी मुलगी भाड्याने राहायची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. ती खोली सोडून गेली तेव्हा, तिच्या मुलखातलं आहे म्हणून, तिला देऊन टाकलं. आता ती दक्षिण दिल्लीत मुनिरक्यात राहते. मी फोन करून मुनिरक्याला गेले. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशा गल्ल्या, वर तारांचं जाळं, चौथ्या मजल्यापर्यंत अंधारा जिना. खोलीत एक पलंग, एक टेबल, जमिनीपासून छातीपर्यंत पुस्तकं. टेबलासमोर भिंतीला माझं चित्र, फ्रेमवाचून, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. लिलावाचं चित्र होतं ते, ढिगाभोवतीच्या बायकांचं.

मुलगी परभणीकडची होती. मला पलंगावर बसवलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं आणि चित्र मागितलं.

"नाही देणार काकू," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "अगं, माझ्या घरातून न विचारता नेलेलं आहे ते."

"असेल. मी नेलेलं नाही. मला ते मिळालंय आणि मी रोज त्याच्यासमोर बसते. डिसेंबरात मुख्य परीक्षेचा निकाल लागला, त्यात माझं नाव नव्हतं, तेव्हा या खोलीत हे चित्र आणि मी, दोघंच होतो. तुम्ही पोलिसात द्या मला पाहिजे तर."

मी चिडले. चांगलीच चिडले. आवाज चढवला. तीही उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, चित्राच्या पुढे, हाताची घडी घालून. चहा उतू गेला. ती गॅस बंद करायला धावली आणि मला हसू आलं, कारण एवढ्या दिवसांत माझ्या चित्रासाठी भांडायला उभं राहिलेलं ते पहिलंच माणूस होतं, आणि ते माझ्याशीच भांडत होतं.

उरलेला चहा आम्ही दोघींनी अर्धा अर्धा घेतला. ती म्हणाली, "एक विचारू? मी समुद्र बघितलेला नाही. पण या सगळ्या बायका अशा वाकलेल्याच का? एकही सरळ उभी नाही. पुरुष बघा, सगळे ताठ."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरं होतं. टोपली उचलणारी, मासळी निवडणारी, पैसे कनवटीला लावणारी, पोराला पाणी पाजणारी. एकीची पाठ सरळ नव्हती. लिलाव पुकारणारा पुरुष, गाडीवर उभा गाडीवान, बिडी ओढणारे दोघे, सगळे खांबासारखे. मी ठरवून काढलं नव्हतं. मला जसं दिसलं तसं काढलं होतं.

"तशाच असायच्या," मी म्हणाले. "काम खाली असायचं ना."

"आणि पुरुषांचं?"

मी कप विसळून ठेवला. तिने मला चित्र दिलं नाही, मीही पुन्हा मागितलं नाही. जिना उतरताना माझा राग होता तसाच होता, फक्त तो आता एका नवऱ्यापुरता राहिला नव्हता. मेट्रोत उभी राहून मी मनातल्या मनात एकेक माणूस आठवत होते, मंडईतला, ऑफिसातला, घरातला, आणि कोण ताठ होतं, कोण वाकलेलं, हे बघत होते.

नवऱ्याला ती समिती मिळाली. माझ्यामुळे बिघडलं असं म्हणण्याची त्याला संधीच उरली नाही. आठवड्यातून दोनदा गाडी न्यायला येते आणि तो खुशीत असतो. साहेबांच्या बायकोचा एकदा फोन आला. झालं गेलं ते सोडून द्या म्हणाली, आणि मग, "वॉशरूम की दीवार खाली लग रही है. एक और बना दीजिए ना, आराम से. बस इस बार बिना लोगों के बनाइएगा. वहाँ लोग थोड़े अजीब लगते हैं."

"बिना लोगों के मुझे आता नहीं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. पुढे दिवसभर मला अजून काय काय म्हणता आलं असतं ते सुचत राहिलं, आणि भांडी घासताना मी ते मोठ्याने म्हणून घेतलं.

आईचं चित्र फ्रेममधून सोडवलं. जड पुस्तकांखाली ठेवून कागद थोडा सपाट झाला, पण निळा रंग पायांवर आला तो आला. तो उचलायला गेले असते तर पायही गेले असते. मी त्याला हात लावला नाही. ओळखीच्या एका चित्रकाराने दुरुस्त करून देतो म्हटलं, त्यालाही नको म्हटलं. खराब झालंय तर खराब दिसू दे.

घरात एक खोली नवऱ्याची अभ्यासिका होती. तिथे त्याच्या फाइली, निरोपसमारंभातली स्मृतिचिन्हं, आणि त्याने कधीच न वापरलेलं मोठं टेबल. उत्तरेची, दिवसभर सारखा उजेड देणारी खिडकी घरात तेवढी एकच. मी एका सकाळी ती स्मृतिचिन्हं उचलून बेडरूममध्ये त्याच्या बाजूला नेऊन ठेवली आणि टेबल खिडकीला लावलं. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने दारातून पाहिलं आणि कपडे बदलायला गेला. खोलीला मी कुलूप आणलं. किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत असते. मुलगी सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आई, इतना भी क्या?" मी तिला म्हटलं, इतकंच.

मार्चमध्ये ऊन चांगलं पडायला लागलं आणि मी पुन्हा रंगवायला बसले. आता मी मोठा कागद घेते, लहान नाही, टेबलाच्या रुंदीचा. माणसं मात्र तेवढीच ठेवते. एके दिवशी दार उघडंच होतं. नवरा चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. आत आला नाही. जरा वेळाने त्याने घसा साफ केला.

"बघू?"

आमच्या संसारात हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला होता. विचारायला त्याला जड गेलं होतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

"नाही," मी म्हणाले.

तो चहा घेऊन परत गेला. बाहेर टीव्ही लागल्याचा आवाज आला. मी ब्रश पाण्यात बुडवला आणि ओल्या वाळूचा हात द्यायला घेतला, कारण दिवस उतरायला लागला होता आणि तो भाग उजेड असतानाच व्हायला हवा होता.